नर्मदेचा नळ आणि चर्चच्या दारातलं पाणी

इंदूरमध्ये पाण्याच्या दोनच जाती: नर्मदा आणि बोरिंग. "नर्मदा आली का?" असं शेजारणी एकमेकींना विचारतात, तेव्हा त्या नळाबद्दल बोलत असतात. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर नळ टाकून, विंध्याचा चढ चढवून हे पाणी १९७८ साली शहरात आलं. लोक जिची पायी परिक्रमा करतात, तिच्या पाण्यानं आम्ही एक दिवसाआड भांडी घासतो.

आमच्या मजल्यावर वसईकडचं एक कॅथलिक कुटुंब राहायला आलं, तेव्हा घराला आशीर्वाद द्यायला फादर यायचे होते. त्या घरच्या वहिनींनी स्टीलचं पातेलं नळाखाली धरलं, भरलं आणि क्रुसाखालच्या टेबलावर नेऊन ठेवलं. फादरांनी त्यावर प्रार्थना म्हटली, हातानं क्रुसाची खूण केली आणि मग ते पाणी खोल्याखोल्यांतून शिंपडलं. स्वयंपाकघर, बाथरूम, विजेच्या मीटरची पेटी, काही सुटलं नाही. माझ्या आईनं हळूच विचारलं, "हे कुठल्या तीर्थाचं?" वहिनी म्हणाल्या, "आत्ता तुमच्यासमोरच तर भरलं, काकू."

आईला उत्तर फारसं पटलं नाही. खरं तर तिच्या पूजेचा कलशही त्याच नळाचा असतो. "गंगे च यमुने चैव" म्हणत ती सात नद्यांना त्यात बोलावते, आणि त्या सातांत नर्मदाही आहे. म्हणजे पाणी साधं आणि शब्दांनी ते वेगळं होतं, इथपर्यंत दोन्ही घरं सारखीच. फरक पुढे आहे. कॅथलिक प्रार्थनेत नदीला बोलावणं नाही. त्या पाण्यानं आठवण करून द्यायची ती बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्यानं होणाऱ्या विधीची. चर्चमध्ये शिरताना दाराशी भिंतीत बसवलेल्या छोट्या पात्रात बोटं बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे असा क्रूस करतात, तोही त्याच आठवणीचा.

हे पात्र मात्र सुरुवातीपासून तसं नव्हतं. पहिल्या काही शतकांत चर्चच्या अंगणात कारंजं किंवा हौद असे, आणि आत जाण्याआधी लोक हातपाय धूत. देवळाबाहेर आपण पाय धुतो, तसंच. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला टायर शहरात बांधलेल्या मोठ्या चर्चचं वर्णन इतिहासकार युसीबियसनं केलंय, त्यात अशी कारंजी आहेत. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी तर्तुल्यन नावाचा तिखट लेखक कुरकुरतो, की प्रार्थनेआधी हात धुता, पण मन मळकंच, त्याचं काय? सोवळ्याओवळ्यावर आपल्या संतांनी जे ऐकवलं, ते हेच.

पाण्यावर खास प्रार्थना म्हणून ते आजाऱ्यांसाठी द्यायचं, याचा चांगला पुरावा चौथ्या शतकातल्या इजिप्तमधून मिळतो. तिथल्या थ्मुइसच्या सेरापियन या बिशपांच्या नावावरच्या संग्रहात तेल आणि पाणी यांच्यासाठी प्रार्थना आहे. घरोघरी शिंपडायचं मीठपाणी दुसऱ्या शतकातल्या पोप पहिल्या अलेक्झांडर यांनी सुरू केलं, असंही सांगतात. पण ती नोंद सहाव्या शतकातल्या संकलनातली, म्हणजे चारशे वर्षांनंतरची आहे. मी तरी तिच्यावर भार टाकणार नाही.

मिठाचं मूळ बायबलच्या जुन्या करारात आहे. यरीहोचं पाणी वाईट होतं, तेव्हा अलीशा संदेष्ट्यानं नव्या भांड्यातून मीठ आणून झऱ्यात टाकलं आणि पाणी निवळलं. मिठानं पाणी टिकतं, हाही व्यवहार त्यामागे असणारच. शिंपडण्याचं मूळ ५१व्या स्तोत्रात. त्यात एजोब नावाच्या झुडपानं मला शुद्ध कर, अशी विनवणी आहे. रविवारच्या मिस्सेआधी (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) फादर लोकांवर पाणी शिंपडत, तेव्हा याच ओळी लॅटिनमध्ये गायल्या जात.

६०१ साली पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रसारकाला पत्र पाठवलं. मूर्ती काढा, पण तिथली देवळं पाडू नका, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच वेदी मांडा, असा त्यांचा सल्ला होता. धर्म पसरताना पाण्यानं काय काम केलं, ते या एका सल्ल्यात दिसतं. तो वाचून इंग्लंडमधल्या तेव्हाच्या लोकांना काय वाटलं असेल, ते विचारणारं पत्र मात्र कुणी लिहिलं नाही.

हे पाणी खऱ्या अर्थानं घरात आलं ते नवव्या शतकात. फ्रान्समधल्या रेम्सचे आर्चबिशप हिंकमार यांनी आपल्या धर्मगुरूंना बजावलं, की दर रविवारी मिस्सेआधी स्वच्छ भांड्यात पाण्याला आशीर्वाद द्या, लोकांवर शिंपडा, आणि ज्यांना हवं त्यांना आपापल्या भांड्यात नेऊ द्या. कशासाठी? घर, शेत, द्राक्षमळा, गुरं, त्यांचा चारा आणि माणसांचं खाणंपिणं, सगळ्यांवर शिंपडायला. आमच्या मजल्यावरची मीटरची पेटी या यादीत सहज बसते.

पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं पद्धत पक्की केली. आधी मिठातून आणि मग पाण्यातून दुष्ट शक्ती हाकलायची प्रार्थना, त्यानंतर मीठ क्रुसाच्या आकारात पाण्यात. स्पेनच्या संत तेरेसा यांनी (१५१५ ते १५८२) त्याआधीच लिहून ठेवलं होतं, की क्रुसाला घाबरून पळालेला सैतान परत येतो, पवित्र पाण्याला घाबरलेला येत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) सूर बदलला. १९८४ च्या आशीर्वादविधीत पाण्याच्या प्रार्थनेतून हाकलाहाकली गेली, भर बाप्तिस्म्यावर आला. मीठ आता जिथे रीत असेल तिथेच.

हे सगळं बऱ्याच मराठी वाचकांना अनोळखी वाटेल, त्याला कारण आहे. आपल्या ओळखीचा ख्रिस्ती माणूस म्हणजे रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, अहमदनगर, अमेरिकन मिशन. ती प्रॉटेस्टंट परंपरा, आणि सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी हे पाणी बाजूला सारलेलं. इंदूरच्या कॅथलिक लाल चर्चमध्ये जे दाराशीच भेटतं, ते प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सहसा दिसत नाही.

कॅथलिक शिकवणीतही या पाण्याची पायरी बाप्तिस्म्यासारख्या सात संस्कारांच्या खालची आहे. ते आपोआप काही करत नाही. चर्चची प्रार्थना आणि घेणाऱ्याची श्रद्धा यांनी माणूस कृपेसाठी तयार होतो, इतकंच. पाणी विकत नाहीत. पैसे पडलेच तर बाटलीचे.

वहिनींच्या शोकेसमध्ये अशी एक बाटली आहे. मारिया मातेच्या आकाराची, पांढरी, आणि निळा मुकुट म्हणजे तिचं झाकण. फिरवून काढायचा. नात्यातल्या कुणी ती फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राहून आणली. गंमत अशी की लूर्दच्या झऱ्याचं पाणी विधीच्या हिशेबानं 'पवित्र पाणी' नव्हे. १८५८ च्या फेब्रुवारीत बर्नादेत नावाच्या मुलीला तो झरा सापडला. भाविकांसाठी तो मोलाचा, पण त्यावर आशीर्वादाची प्रार्थना झालेली नसते. आईला मात्र हेच पाणी एकदम पटलं: "हां, हे झऱ्याचं आहे."

करोनात, २०२० च्या मार्चमध्ये, जगभरातल्या चर्चची पात्रं कोरडी झाली. स्वाइन फ्लूच्या वेळी, २००९ साली, इटलीत एकानं हात खाली धरला की थोडंसं पाणी सोडणारं यंत्र केलं होतं. कल्पना जुनीच. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं देवळासाठी नाणं टाकलं की पाणी देणारं यंत्र लिहून ठेवलंय, ख्रिस्ती चर्चची पात्रं घडायच्या कितीतरी आधी.

एरवी पात्रं कोरडी असतात ती गुड फ्रायडेच्या सुमारास. शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणात मोठी मेणबत्ती पाण्यात बुडवून नव्या पाण्याला आशीर्वाद देतात, लोक हातात पेटत्या मेणबत्त्या धरून बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणतात, आणि नंतर बाटल्या निघतात. बिसलेरीच्या, सरबताच्या, ज्या हाताशी लागतील त्या. वहिनी वर्षभर ते पाणी पुरवतात. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या कपाळाला, ताप आलेल्याच्या उशाला, नव्या स्कूटरच्या हँडलला. जुनं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत सोडायचं. आमच्या मजल्यावर ते कढीपत्त्याच्या कुंडीत जातं.