बंदरातील धक्के आणि दीपगृहे

धक्का समुद्रात आणखी लांबवला की बंदराचे तोंड पुढे सरकते आणि टोकावरचा दिवाही पुढे न्यावा लागतो. जुना दिवा तसाच जळत राहिला, तर त्याच्या रोखाने येणारे जहाज नव्या बांधकामावर आदळू शकते. त्यामुळे धक्का आणि दीपगृह यांचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो.

प्राचीन बंदरे : तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ येथील दगडी धक्का इजिप्तच्या खूफू राजाच्या काळातला, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा आहे. अलेक्झांड्रियाचे फॅरोस दीपगृह (इ. स. पू. ३ रे शतक) बेटावर होते. बेट मुख्य भूमीला जोडणाऱ्या सुमारे सव्वा किलोमीटरच्या बांधाने पाण्याचा मोकळा प्रवाह अडवला, दोन्ही अंगांना गाळ साचत गेला आणि आज तेथे शहराची वस्ती आहे. भरीव धक्क्याचा हा दोष अजूनही सुटलेला नाही. वाळू ज्या दिशेकडून वाहत येते त्या बाजूला पुळण वाढते, पलीकडचा किनारा धुपतो आणि तोंडाशी गाळ काढत राहावे लागते.

रोमन स्थापत्यकारांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळून पाण्याखाली घट्ट होणारे काँक्रीट केले. लाकडी साचे तळावर बसवून त्यांत ते भरत. क्लॉडियस बादशहाने ऑस्टियाजवळ बांधलेल्या बंदरात तर एक प्रचंड जहाजच बुडवून दीपगृहाचा पाया घातला गेला.

लाकूड, लोखंड, काँक्रीट : लाकडी खांबांखालून पाणी आणि वाळू वाहत राहते, म्हणून गाळाचा त्रास कमी, पण खांब टेरेडो या शिंपल्याच्या जातीच्या प्राण्याच्या तावडीत सापडतात. तो पिलू असताना आत शिरतो. बाहेरून छिद्र टाचणीच्या डोक्याएवढे दिसते, आत मात्र खांब पोखरून निघतो. क्रिओसोट (डांबरातून काढलेले तेल) मुरवणे किंवा तांब्याचा पत्रा ठोकणे हे जुने उपाय; पत्रा एका ठिकाणी जरी फाटला तरी तेवढी वाट पुरते.

अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये स्क्रू-पाइलचे पेटंट घेतले. रुंद पात्याचा लोखंडी खांब फिरवत मऊ तळात उतरवायचा, ही युक्ती वाळूच्या दांड्यावरील दीपगृहांना आणि धक्क्यांना सारखीच उपयोगी पडली. पोलादी पाइल (तळात रोवलेला खांब) सर्वांत जास्त गंजतो तो भरतीरेषेच्या जरा वर, जिथे तुषारांनी तो ओला होतो आणि हवाही लागते. सलोह, म्हणजे आत लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटमध्ये क्षार सळईपर्यंत पोहोचला की गंज फुगतो आणि वरचा थर सुटतो.

लाटांचा मारा : स्कॉटलंडमधील विक येथे स्टीव्हन्सन बंधूंनी बांधलेल्या लाटारोधक बांधाचे टोक १८७२ च्या डिसेंबरात वादळाने सरकवले. सुमारे १,३५० टनांचे ते धूड होते. माथा पायाच्या ठोकळ्यांना लोखंडी सळयांनी बांधला होता; सळया टिकल्या आणि पायासकट सगळेच गेले. त्याच्या जागी बसवलेला २,६०० टनांचा ठोकळाही १८७७ मध्ये गेला. नुसते वजन वाढवून भागत नाही, हे यावरून कळायला हवे होते. तरी १९७८ मध्ये पोर्तुगालच्या सिनेस बंदरात ४२ टनी, सळई नसलेल्या डोलोस (एकमेकांत अडकणाऱ्या फाट्यांच्या काँक्रीटच्या) ठोकळ्यांचे कवच ढासळलेच. लाटेने हलले की असे सडपातळ ठोकळे एकमेकांवर आपटून मोडतात, आणि तुकड्यांना एकमेकांत अडकून राहता येत नाही.

प्रकाश : उघड्या जाळावरून तेलाचे दिवे, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोकळ वातीचा आर्गां दिवा आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात कड्याकड्यांचे, प्रकाश एकवटणारे फ्रेनेल भिंग, असा प्रवास झाला. मोठी भिंगे पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवल्याने हलक्या यंत्रानेही फिरत. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने ती पद्धत मागे पडत गेली. दिव्याच्या उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला २.०८ ने गुणले की क्षितिजापर्यंतचे अंतर सागरी मैलांत मिळते. दिवा आणि पाहणारा डोळा या दोन्हींची अशी अंतरे मिळवली, तर २५ मीटरवरचा दिवा पाण्यापासून ४ मीटरवरच्या डोळ्याला १४.६ सागरी मैलांवरून दिसू शकतो, अर्थात प्रकाश तेवढा प्रखर आणि हवा स्वच्छ असेल तरच.

धक्क्याच्या टोकावरच्या दिव्याला इतका पल्ला लागत नाही. त्याची अडचण मागे झगमगणाऱ्या शहराची असते, म्हणून रंग आणि लुकलुकण्याचा ठरीव क्रम महत्त्वाचा. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स वगळता बहुतेक जगात बंदरात शिरताना डावीकडे लाल व उजवीकडे हिरवा दिवा असतो. या देशांत नेमके उलट. अरुंद मार्गासाठी दोन दिवे एका रेषेत लावतात, मागचा उंच. दोन्ही एकावर एक दिसले की जहाज मार्गावर आहे. वरचा डावीकडे सरकलेला दिसला, तर जहाज मार्गाच्या डावीकडे गेलेले असते.

वादळात दिवा पेटवायला जाणारा माणूस धक्क्यावरून वाहून जाऊ नये, म्हणून अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या अनेक धक्क्यांवर खांबांवर उचललेली लोखंडी वाट असे. दिवे स्वयंचलित झाल्यावर बहुतेक ठिकाणच्या वाटा काढल्या गेल्या. मिशिगन सरोवराकाठच्या काही बंदरांत ती अजून उभी आहे.