साठेखत आणि खरेदीखत: कुठल्या कागदावर किती पैसे सोडायचे?

‘ॲग्रीमेंट झालं’ म्हटलं की पेढे वाटले जातात. पण झालेलं असतं ते साठेखत, म्हणजे पुढे विक्री करू असा करार. विक्री होते ती खरेदीखताने. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं की विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. साठेखताने तुम्हाला विक्रेत्याला ‘ठरल्याप्रमाणे विकून दे’ असं म्हणण्याचा हक्क मिळतो. मालकी त्याच्याकडेच राहते.

मग साठेखत नोंदवायचं कशाला? तर नोंदवल्यावर ते इंडेक्स २ मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या व्यवहारांच्या सूचीत दिसतं. विक्रेत्याने तोच फ्लॅट दुसऱ्याला विकला, तर ‘मला माहीत नव्हतं’ असं त्या दुसऱ्याला म्हणता येत नाही आणि तुमचा करार त्याच्यावरही बंधनकारक ठरू शकतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या कागदाला हे बळ नसतं. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढंच सांगतो. ‘आत्ता नोटरी करू, रजिस्टर नंतर बघू’ असं एजंट म्हणाला, तर टोकनपलीकडे एक रुपयाही सोडू नका. बिल्डरकडून घेताना तर रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १३ नुसार नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेताच येत नाही.

नवख्यांची खरी गल्लत मुद्रांकावरून (स्टॅम्प ड्यूटीवरून) होते. साठेखतात ताबा आधी, त्याच वेळी किंवा नंतर देण्याचं ठरलं असेल, तर महाराष्ट्रात ते मुद्रांकापुरतं हस्तांतरणच मानलं जातं आणि पूर्ण मुद्रांक तेव्हाच लागतो. एवढा मुद्रांक भरल्यावर ‘आता मालकी आपलीच’ असं वाटणं साहजिक आहे, पण कर भरला म्हणून हक्क येत नाही. पुढचं खरेदीखत त्याच माणसांत, त्याच अटींवर झालं तर मुद्रांक नाममात्र लागतो. म्हणून खरेदीदारांची नावं साठेखतातच नक्की करा. ‘खरेदीखताला भावाचं नाव घालू’ हा विचार महागात पडू शकतो.

आता हिशोब. पुणे महापालिका हद्दीत ६० लाखांचा रीसेल फ्लॅट, खरेदीदार पुरुष. ७ टक्क्यांनी मुद्रांक ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली किंमत जास्त असेल तर मुद्रांक तिच्यावर. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँकेला किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त देता येत नाही आणि या किमतीत मुद्रांक-नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज फार तर ४८ लाख. स्वतःचे १२ लाख अधिक साडेचार लाख, असे साडेसोळा लाख हाताशी हवेत. यातले साडेचार लाख साठेखताच्या दिवशीच जातात आणि बँक बहुधा नोंदवलेलं साठेखत पाहिल्याशिवाय कर्जाचा चेक काढत नाही. शिवाय किंमत ५० लाख किंवा जास्त आहे, म्हणून विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का, इथे ६० हजार, टीडीएस कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे, तिथे सीएला विचारल्याशिवाय चेक लिहू नका.

विक्रेत्याचं कर्ज शिल्लक असेल तर साठेखतात पैशांचा क्रम लिहून घ्या. पहिला चेक त्याच्या कर्जखात्यात, मग बँकेचं बेबाकी पत्र (कर्ज फिटल्याचा दाखला) व मूळ कागद, उरलेली रक्कम खरेदीखताच्या टेबलावर. सोबत दोन कलमं हवीतच: कर्ज नाकारलं तर किती दिवसांत पैसे परत, आणि खरेदीखताची तारीख. तारखेचं महत्त्व पुढे कळतं, कारण विक्रेता फिरला तर करारपूर्तीच्या दाव्याची ३ वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजतात. तारीखच नसेल तर नकार कधी कळला यावर वाद घालत बसावं लागतं. शिवाय पैसे द्यायला तुम्ही तयार होतात हे दाखवावं लागतं, म्हणून बँकेचं मंजुरीपत्र आणि पाठवलेल्या नोटिसा जपा.

शेतजमिनीत मामला आणखी कडक. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याच्या नावे लेखी विक्रीकरारही वैध नाही. ‘साठेखत करून ठेवू, शेतकरी दाखला नंतर’ यात पैसे अडकतात. आणि सातबारावर मालक म्हणून नाव लागतं ते खरेदीखतानंतरच्या फेरफाराने.

एक अपवाद मात्र गोंधळात टाकतो. सोसायटीच्या इमारतीत बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचं वेगळं खरेदीखत बहुधा होतच नाही. तिथे नोंदवलेला करार, ताबापत्र आणि सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) हीच तुमची कागदांची साखळी, तर जमीन-इमारतीचं हस्तांतरण सोसायटीच्या नावे होतं. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत मात्र प्रत्येकाला स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट मिळतं. रीसेल घेताना म्हणूनच आधी विचारा, इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट. अपार्टमेंट असून विक्रेत्याकडे डीड नसेल, तर ते झाल्याशिवाय साठेखताच्या पुढे जाऊ नका.