पार्श्वभूमी : नमपाय २.० यायला अठरा वर्षं का लागली

नमपाय ही पायथन भाषेत आकड्यांच्या अरे, म्हणजे रांगा आणि तक्ते, हाताळणारी लायब्ररी. नमपाय १.० ऑक्टोबर २००६ मध्ये आलं आणि २.० आलं १६ जून २०२४ रोजी. मधे १.१ पासून १.२६ पर्यंत आवृत्त्या निघत राहिल्या, पण पहिला आकडा कुणी हलवला नाही. याचं कारण नव्या सोयींच्या अभावात नाही. ते आहे एबीआयमध्ये, म्हणजे आधीच कंपाइल झालेल्या (यंत्रभाषेत उतरवलेल्या) कोडशी असलेल्या करारात, आणि २००९ च्या अखेरीस हा करार नकळत मोडल्यावर जे घडलं त्यात. २.० च्या वेळी झालेले वाद, सायपाय-पँडाजसारख्या, नमपायवर उभ्या असलेल्या लायब्ररींची धावपळ आणि ‘दोनच्या खालचंच नमपाय चालेल’ अशा अजूनही दिसणाऱ्या अटी यांचा उगम तिथे सापडतो.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. आकडेमोडीच्या लायब्ररी सगळ्यांनी मिळून वापरायच्या ही रीत फोर्ट्रानच्या काळातली आहे. मॅट्रिक्सच्या गणितासाठीच्या लिनपॅक आणि ब्लास या लायब्ररी १९७९ च्या, लापॅक १९९२ ची. आजही मॅट्रिक्सचा गुणाकार अखेर ब्लासच्याच कुठल्यातरी रूपात होतो. पायथनमध्ये १९९५ च्या सुमारास अरेंसाठीचं न्यूमेरिक आलं. पुढे अंतराळ दुर्बिणीच्या प्रचंड प्रतिमा हाताळण्यासाठी नमअरे आलं. मोठ्या अरेंवर नमअरे सरस होतं, तर लहान अरेंवर न्यूमेरिक. लायब्ररी लिहिणाऱ्यांची दोन गटांत फाळणी झाली, ती मिटवण्यासाठी दोन्हींचं एकत्रीकरण झालं आणि त्यातून नमपाय उभं राहिलं.

आता १.४.० कडे. डिसेंबर २००९ च्या या आवृत्तीत तारीख-वेळेचा नवा डेटा-प्रकार होता. तो बसवताना सी भाषेतल्या काही अंतर्गत रचनांचा आकार बदलला. पायथनमधून वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पण सी किंवा सायथनमधलं (पायथनसारखी, पण सीमध्ये उतरणारी भाषा) एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनला जोडायचा कोड, कंपाइल होतं तेव्हा नमपायच्या हेडर फाइलमधून, म्हणजे रचनांचं वर्णन असलेल्या फाइलमधून, ‘हे फील्ड रचनेच्या सुरुवातीपासून इतक्या बाइटवर आहे’ ही माहिती त्याच्या बायनरीत (कंपाइल झालेल्या फाइलमध्ये) कायमची कोरली जाते. रचना बदलली तरी जुनी बायनरी त्याच बाइटवर जाऊन वाचते. नशीब बरं असेल तर इम्पोर्ट करतानाच त्रुटी येते, नाहीतर सेगफॉल्ट होतो, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून कार्यक्रम बंद पडतो. सगळ्यात वाईट म्हणजे चुकीची मूल्यं वाचून कार्यक्रम निमूट पुढे चालत राहतो.

त्यावर दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणत होती, झालं ते झालं, सगळ्यांनी एकदा पुन्हा कंपाइल करून घ्यावं, वाटल्यास आवृत्तीचा आकडा मोठा द्यावा. दुसरी बाजू म्हणत होती की किरकोळ आकड्याच्या आवृत्तीत करार मोडणं हा विश्वासघात आहे, बदल मागे घ्या. दुसऱ्या बाजूचं चाललं. २०१० मध्ये आलेल्या १.४.१ मधून नवा प्रकार काढून टाकला आणि जुन्या बायनरी पुन्हा चालू लागल्या. तारीख-वेळेचा प्रकार नीट स्थिरावला तो थेट फेब्रुवारी २०१३ च्या १.७ मध्ये. एका सोयीला तीन वर्षांचा उशीर झाला. पण मेंटेनरांच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या, मनात त्याहून खोल बसला तो नियम : एबीआयला हात लावायचा नाही.

त्याच सुमारास दुसरं भांडण पेटलं, गहाळ मूल्यांवरून. अरेमध्ये एखादी नोंद ‘नाही’ हे कसं दाखवायचं? वेगळा मास्क (कुठली नोंद गहाळ आहे हे सांगणारी जोड-अरे) ठेवायचा, की आकड्याच्याच बिटांमध्ये खूण करायची? मास्कवर आधारित काम २०११ मध्ये मुख्य शाखेत मिसळलं गेलं, एकमत होण्याआधीच. महिनोन्‌महिने वाद चालला आणि १.७ निघण्याआधी ते सगळं बाहेर काढावं लागलं. यातून निघालेला धडा तांत्रिक नव्हता : मोठा बदल कोडमधून नव्हे, लेखी प्रस्तावातून सुरू व्हावा, आणि ज्यांचं काम त्यावर अवलंबून आहे त्यांचा विरोध शिल्लक असताना विलीन होऊ नये. २०१५ मध्ये प्रकल्पाचा कारभार कसा चालेल याचा लेखी दस्तऐवज झाला. सुकाणू मंडळ आणि सहमती हे त्याचे दोन आधार. पुढच्या काळात सुधारणा-प्रस्तावांची, म्हणजे नेपची, शिस्तही घट्ट झाली.

एबीआय न मोडण्याची किंमत मात्र दरवर्षी वाढत गेली. डेटा-प्रकाराच्या रचनेत एका घटकाचा आकार साध्या इंटमध्ये ठेवलेला होता, तो तसाच राहिला. अरेच्या मितींची मर्यादा ३२ ला अडकली. बदलत्या लांबीच्या स्ट्रिंगसारखा नवा डेटा-प्रकार आणायचा म्हटलं की रचनेत जागाच नसे. दुसरीकडे बायनरींवर विसंबणाऱ्यांची संख्या फुगत होती. २०१० मध्ये बरेच जण स्वतः कंपाइल करत किंवा सगळ्या लायब्ररी एकत्र देणारा इन्स्टॉलर घेत. २०१६ मध्ये लिनक्ससाठी मेनीलिनक्स व्हीलची, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या पॅकेजांची, व्यवस्था आली. २०१७ मध्ये सायपाय १.० ने विंडोजची व्हीलही देऊ केली. तोवर विंडोजवर फोर्ट्रान कंपायलरचा पेच सुटत नव्हता. पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, क्षणात बसणाऱ्या बायनरी म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने वरदान, पण त्यातली प्रत्येक बायनरी कुठल्यातरी नमपाय हेडरची छाप घेऊन फिरत होती. जो बदल २०१० मध्ये काही डझन प्रकल्पांना त्रास देऊन झाला असता, त्याची झळ आता हजारोंना बसणार होती.

त्यात नियम एकेरी होता. जुन्या नमपायवर कंपाइल केलेली बायनरी नव्यावर चाले, नव्यावर केलेली जुन्यावर चालत नसे. म्हणून लायब्ररीचा मेंटेनर मुद्दाम सगळ्यात जुनं नमपाय घेऊन बिल्ड करत असे. कुठल्या पायथनसाठी आणि कुठल्या प्रोसेसरसाठी ‘सगळ्यात जुनं’ म्हणजे नेमकं कोणतं, एवढंच सांगणारं एक स्वतंत्र पॅकेज अनेक वर्षं वापरात होतं. १.२५ मध्ये, २०२३ च्या जूनमध्ये, हे पालटलं. हेडर आपणहून जुन्या एपीआयला (इतर कोडने वापरायच्या फंक्शन-रचनांच्या संचाला) लक्ष्य करू लागले, त्यामुळे नव्यावर बिल्ड करून जुन्यावर चालवता येऊ लागलं. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल २.० ची खरी पायाभरणी आहे.

पायथन २ पासूनची सुटका इथे ओझरती. १.१६ ही पायथन २.७ वर चालणारी शेवटची मालिका. २०१९ मध्ये आलेल्या नेप २९ ने ‘किती जुनं पायथन सांभाळायचं’ याला आकडा दिला, ४२ महिने. तो पुढे आणखी खाली आला. प्रकल्पाला थेट मिळालेला पहिला निधी २०१७ चा. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी हाती न घेतलेली कामं, डेटा-प्रकारांची यंत्रणा नव्याने बांधण्यासारखी, सलगपणे करता आली. त्याशिवाय २.० झालं नसतं, असं माझं मत आहे.

२.० मध्ये एबीआय मोडला, पण १.४ सारखा नाही. रचनेची फील्ड सरळ वाचण्याऐवजी मॅक्रो वापरायचे झाले, कॉम्प्लेक्स संख्या सी९९ या सी भाषेच्या मानकाच्या पद्धतीने आल्या, मितींची मर्यादा ६४ झाली. महत्त्वाचं म्हणजे २.० वर कंपाइल केलेली बायनरी १.१९ पर्यंतच्या जुन्या नमपायवरही चालेल अशी सोय केली. अंतिम आवृत्तीच्या आधी रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची जवळपास अंतिम आवृत्ती, काढून ‘यापुढे एबीआय हलणार नाही’ असं जाहीर झालं, म्हणजे इतरांना व्हील आधीच तयार ठेवता आली. सायपाय १.१३ आणि पँडाज २.२.२ एप्रिल २०२४ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी, सज्ज होते. लायब्ररीसाठी पायरी एवढीच : बिल्डची अट किमान २.०, चालवण्याची अट आपल्याला हवी तेवढी जुनी, आणि चाचण्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात नव्या व रोज रात्री आपोआप तयार होणाऱ्या बिल्डवर.

तरीही पहिल्या काही आठवड्यांत लोकांना ‘१.x वर कंपाइल झालेलं मॉड्यूल २.० वर चालवता येत नाही’ अशी त्रुटी ठिकठिकाणी दिसली. इथेच सगळ्यात मोठा वाद आहे : अवलंबित्वाला वरची मर्यादा घालावी का, म्हणजे ‘नमपाय दोनच्या खालचंच’ अशी अट आधीच लिहावी का?

मर्यादा नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा. तुमची लायब्ररी २.० वर चालेल की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही. मर्यादा घालून तुम्ही न तपासलेली गोष्ट ठामपणे नाकारता. एका लायब्ररीला दोनच्या वरचं हवं आणि दुसरीला दोनच्या खालचं, मग दोन्ही एकत्र बसतच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे मागे सरकणं. समजा लायब्ररीच्या ताज्या आवृत्तीत मर्यादा आहे, पण तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत नाही. पिपला नवं नमपाय हवंच असेल तर तो लायब्ररीच्या एकेक जुन्या आवृत्तीकडे सरकतो, मर्यादा नसलेली सापडली की तीच बसवतो. वापरणाऱ्याच्या हाती पडते मोडकी, जुनी लायब्ररी, आणि तक्रार येते आजच्या मेंटेनरकडे.

मर्यादा हवी म्हणणाऱ्यांचं उत्तरही तितकंच ठोस. पायपायवर, म्हणजे पिप जिथून पॅकेज घेतो त्या साठ्यावर, एकदा चढवलेल्या आवृत्तीची माहिती बदलता येत नाही. २०२२ मध्ये मर्यादेशिवाय निघालेली लायब्ररी २०२४ मध्ये २.० बरोबर बसणार आणि इम्पोर्ट करताच कोसळणार. तिला कुणी दुरुस्त करू शकत नाही, फार तर मागे घेता येतं. कोंडा या दुसऱ्या पॅकेज-व्यवस्थेच्या जगात जुन्या पॅकेजांच्या अटी नंतर दुरुस्त करण्याची सोय आहे, म्हणून तिथे हा ताप कमी झाला. दोन परिसंस्थांमधला हा फरक वादात बहुतेकदा विसरला जातो, आणि मग एका परिसंस्थेचा सल्ला दुसरीला दिला जातो.

माझ्या मते सरसकट उत्तर नाही, पण विभागणी स्पष्ट आहे. नमपायच्या सी एपीआयवर कंपाइल होणाऱ्या लायब्ररीने मोठ्या आकड्याची मर्यादा घालायलाच हवी होती, कारण तिथे मोडणं हा अंदाज नव्हता, खात्री होती. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेल्या लायब्ररीला मात्र त्या मर्यादेने फायद्यापेक्षा अडचणच जास्त झाली. २.० नंतर नमपायचाच सल्ला मधला आहे. इशारा मिळाल्यावर जुनी गोष्ट निदान दोन आवृत्त्या टिकते, म्हणून आजच्या आवृत्तीपासून तिसरी ही मर्यादा धरावी. इशाऱ्यांकडे लक्ष देणाऱ्याला हे पुरतं.

पण इशारे दिसतात कुठे? पायथन डेप्रिकेशनचे, म्हणजे ‘ही सोय पुढे जाणार आहे’ असे, इशारे मूळ स्क्रिप्टच्या बाहेर गप्प ठेवतो. ‘नमपाय डॉट फ्लोट’ हे टोपणनाव जानेवारी २०२१ च्या १.२० मध्ये नापसंत ठरलं, डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये काढलं गेलं. जवळपास दोन वर्षं मिळूनही त्या दिवशी असंख्य प्रकल्प कोसळले, कारण इशारा एखाद्या लायब्ररीच्या आत उठत होता आणि कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता. म्हणूनच सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये, इशाऱ्यांना त्रुटी मानण्याची सेटिंग हवी. २.० मध्ये नावं काढली त्यांची दुरुस्ती रफ या कोड तपासणाऱ्या साधनाच्या एनपीवाय२०१ नियमाने आपोआप होते, त्यामुळे तो भाग तुलनेने सोपा गेला.

अवघड भाग वेगळाच होता आणि त्याची चर्चा एबीआयच्या गदारोळात कमी झाली : नेप ५०, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे आकडे एकत्र आले की उत्तराचा प्रकार कसा ठरवायचा याचा प्रस्ताव. पूर्वी प्रकार ठरवताना नमपाय मूल्य बघत असे. आता फक्त प्रकार बघतं. ८ बिटांच्या धन पूर्णांकातल्या २०० मध्ये पायथनचे १०० मिळवा. १.२६ मध्ये ३०० येत, २.० मध्ये ४४ येतात, सोबत ओव्हरफ्लोचा एक इशारा. ३२ बिटांच्या दशांश स्केलरमध्ये (सुट्या आकड्यात) साधा ३.० मिळवला तर पूर्वी उत्तर ६४ बिटांत येई, आता ३२ बिटांतच राहतं. काही कोसळत नाही, शेवटचे अंक बदलतात. नवा नियम जास्त सुसंगत आहे, अंदाज बांधता येणारा आहे, आणि तो आणणं योग्यच होतं. पण संशोधनाच्या कोडमध्ये गप्प बदललेला निकाल हा कोसळलेल्या इम्पोर्टपेक्षा कैक पटींनी धोकादायक असतो. असे बदल पकडण्यासाठी नमपायने पर्यावरण-चल वापरून इशारे देणारी तपासणी दिली होती. ती खूप गोंगाट करत असे म्हणून अनेकांनी बाजूला ठेवली.

२.० नंतरचा वेग वेगळा आहे. ऑगस्ट २०२४ च्या २.१ मध्ये जीआयएल (एका वेळी एकच धागा चालू देणारं कुलूप) नसलेल्या पायथन ३.१३ साठी प्राथमिक आधार आला. त्या पायथनचा एबीआय स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येक कंपाइल होणाऱ्या लायब्ररीला एकेका प्लॅटफॉर्मसाठी आणखी एक व्हील काढावं लागतं, आणि एकाच धाग्यात चालणं गृहीत धरून सी कोडमध्ये ठेवलेले ग्लोबल चल शोधून काढावे लागतात. त्या कामात ‘दोनच्या खालचंच’ अशी अट तशीच राहिलेला प्रकल्प मधे आला की मुक्त-धाग्यांच्या चाचण्या सुरूच होत नाहीत. नमपायच्या १.x मालिकेची व्हील त्या पायथनसाठी निघालेलीच नाहीत.