‘प्रत्येक अधिकारी, प्रत्येक व्यक्ती’: सैन्यात सक्तीने बोलावलं जाण्याच्या भीतीची पार्श्वभूमी

७ मे २०२५ला दुपारी मुंबईत भोंगे वाजले आणि क्रॉस मैदानावर नागरी संरक्षणाचा सराव झाला. १९७१ नंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा सराव देशात झाला नव्हता. पहलगामला डोंबिवलीतले तिघे मारले गेले, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे मध्य रेल्वेच्या पट्ट्यात तरी युद्ध ही लांबची बातमी राहिली नव्हती. दोनच दिवसांनी प्रादेशिक सेनेबद्दलची एक सरकारी अधिसूचना मोबाइलवरून फिरू लागली आणि घराघरांत विचारणा सुरू झाली. निवृत्त होऊन सिक्युरिटीत लागलेल्या फौजीला परत नेणार का? रेल्वेत, तेल कंपनीत असलेल्यांचं काय? एनसीसी केलेल्या मुलाचं नाव कुठल्या यादीत आहे का?

या घबराटीला कारण होतं ते एक वाक्य. लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतला ‘प्रत्येक अधिकारी आणि प्रत्येक भरती झालेली व्यक्ती’ पाचारण करण्याचा अधिकार त्यात दिला होता. पुढे फिरवताना लोकांनी ‘प्रादेशिक सेनेतला’ हा शब्द गाळला आणि ‘प्रत्येक व्यक्ती’ तेवढी ठेवली. मूळ मजकुरात सैन्याबाहेरच्या नागरिकाचा उल्लेखच नाही. प्रादेशिक सेना म्हणजे नोकरीधंदा सांभाळून, स्वतः अर्ज करून, निवड होऊन गेलेली माणसं. अधिसूचनेतला इंग्रजी ‘कॉल आउट’ हा शब्द कायद्यात नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी आणि पहाऱ्याच्या कामासाठी येतो आणि ‘एम्बॉडी’ म्हणजे तुकडी नियमित सैन्याच्या मदतीला पूर्णवेळ कामावर घेणं. या दोन शब्दांना सर्वांच्या तोंडी बसलेला मराठी प्रतिशब्द नाही. बातम्यांत दोन्हीसाठी ‘पाचारण’ वापरलं गेलं, आणि पाचारण म्हटलं की ऐकणाऱ्याला आपल्याच दारात हवालदार उभा दिसतो.

अधिसूचनेतले तपशील पाहिले तर चित्र बरंच बदलतं. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ तैनात करायच्या होत्या, तेही अर्थसंकल्पात तरतूद असेल किंवा खात्याच्या बचतीतून पैसे काढता येतील तरच. मुदत होती १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. ही पहिली तारीख लक्षात घ्यायला हवी, कारण ती पहलगामच्या हल्ल्याच्याही दोन महिने आधीची आहे. प्रादेशिक सेनेच्या नियमावलीतला ३३वा नियम १९४८पासून आहे आणि त्याखाली अशी परवानगी ठरावीक मुदतीची असते. सरकारने ही एवढी गोष्ट त्या दिवशी सोप्या मराठीत चार ओळींत सांगितली असती, तर कितीतरी म्हाताऱ्या आईबापांची रात्र जागून गेली नसती. ते व्हायला हवं होतं. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या प्रादेशिक बटालियन आहेत. त्यांतल्या जवानांच्या घरी प्रश्न खरा होता आणि तिथेही उत्तर अफवांमधूनच पोहोचत होतं.

सक्तीची भरती भारतात कधी झाली का, हा प्रश्न यामागे नेहमी येतो. इंग्रजांच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. कायद्याने सक्ती झाली ती इथल्या गोऱ्यांवर: १९१७च्या कायद्याने युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर, आणि १९४०मध्ये पुन्हा त्यांच्यावरच. भारतीय माणूस कागदोपत्री स्वेच्छेने जात होता, मग पंजाबात भरतीसाठी गावांवर कितीही दडपण आलेलं असो. मराठी मुलखात तर मागणी उलटीच होती. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली, तेव्हा कोकणातून ‘आम्हाला घ्या’ असे अर्ज गेले आणि तो हक्क कायमचा पुन्हा मिळायला १९४१ साल उजाडावं लागलं. जून १९१८मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या युद्धपरिषदेत होमरूल चळवळीचे पुढारी उभे राहिले. माणसं द्यायला त्यांची ना नव्हती, पण स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना अडवलं आणि ते सभागृहातून निघून गेले. ‘ज्या देशासाठी मरायचं, त्या देशात आमचं काय?’ हा त्या वेळचा प्रश्न होता. सक्तीचं भय नंतरचं आहे.

मुंबईशी जास्त संबंध येतो तो १९४०च्याच आणखी एका वटहुकुमाचा. तांत्रिक कामगारांना युद्धाच्या कारखान्यांत पाठवण्याचा आणि तिथे धरून ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. फिटर, टर्नर अशा हातांना खाकी न घालताही ‘राष्ट्रीय सेवा’ लागू झाली. कारखान्यांच्या शहराने सक्ती पाहिली ती अशी: बंदूक नव्हती, पण काम सोडायची मोकळीकही नव्हती.

राज्यघटनेत यातलं काय आलं? कलम २३ने वेठबिगार बंद केली. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात मात्र असं आहे की सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला मनाई नाही. ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. घटना समितीत १९४८च्या डिसेंबरात यावर चर्चा झाली, तेव्हा ‘सार्वजनिक’ हा शब्द पुरेसा नेमका नाही अशी हरकत आली होती. शब्द तसाच राहिला. इलेक्शन ड्युटीचा कागद हातात पडलेल्या मुंबईच्या शिक्षिकेला सरकारी सक्ती म्हणजे काय ते चांगलं कळतं, पण त्या कामाचा शेवट मतमोजणीबरोबर होतो. सैन्याचं तसं नाही. उद्या संसदेने सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला, तर तो याच कलमाच्या आधारावर उभा राहील. आजवर तसा कायदा झालेला नाही. म्हणून ‘सक्ती अशक्यच आहे’ हे जसं चूक, तसं ‘सक्ती येऊ घातली आहे’ हेही चूक.

खरी गुंतागुंत १९६२नंतर सुरू होते. २६ ऑक्टोबर १९६२ला आणीबाणी जाहीर झाली आणि ती १९६८च्या जानेवारीपर्यंत टिकली. पुढच्याच वर्षी, १९६३मध्ये, कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. त्या पिढीतले मुंबईकर आजही ‘कंपल्सरी एनसीसी’ असाच उल्लेख करतात. पहाटेची परेड, पट्ट्याचं पॉलिश, गैरहजेरीचा धाक. सामान्य तरुणावर आलेली लष्करी वळणाची सक्ती म्हणून एवढीच दाखवता येते आणि तीही १९६८मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. तिच्यातून कोणी सीमेवर गेला नाही. पण आपलं नाव कुठल्याशा वहीत आहे ही भावना मात्र मागे राहिली, आणि आज आजोबा नातवाला सावध करतात ते त्याच आठवणीतून.

‘परत बोलावणं’ हा मात्र वेगळा धागा आहे आणि तो पक्का आहे. त्या काळी शिपायाच्या करारात सात वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे पलटणीतली प्रत्यक्ष नोकरी, आणि आठ वर्षं रिझर्व्ह, म्हणजे घरी राहून बोलावणं आलं तर परत जाण्याची बांधिलकी, अशी एक रचना होती. साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा गडी पंचविशीत पलटणीतून सुटायचा, मुंबईत गिरणीत, गोदीत, एखाद्या बँकेच्या दारात कामाला लागायचा, लग्न व्हायचं, चाळीतली खोली मिळायची. पण डिस्चार्ज बुकावर रिझर्व्हची वर्षं लिहिलेली असायची. १९७१च्या शरद ऋतूत रिझर्व्हच्या जवानांना बोलावणी गेली, तेव्हा ती अशा संसाराला लागलेल्या माणसांना गेली. हे सक्तीने परतणं होतं की स्वतः केलेल्या कराराचं पालन? कायद्याचं उत्तर आहे, कराराचं पालन. अठराव्या वर्षी, वाचताही न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला त्या आठ वर्षांचा अर्थ किती कळला असेल, याचा विचार कायद्यात नाही, आणि मला तो बाजूला ठेवता येत नाही. कलर आणि रिझर्व्ह मिळून पंधरा वर्षं भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळत असे, म्हणजे बांधिलकीची किंमत मोजली जात होती. नंतर कलर सर्व्हिस लांबत सतरा वर्षांपर्यंत गेली आणि रिझर्व्ह दोन वर्षांवर आलं. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या हवालदाराला २०२५मध्ये परत नेण्याचा प्रश्न येत नव्हता. अशा अनेकांनी ‘गरज असेल तर आम्ही तयार आहोत’ अशी पत्रं आपणहून लिहिली, ती वेगळी गोष्ट.

राहिले सरकारी कर्मचारी. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात ६-अ नावाचं कलम आहे. सरकारी किंवा सार्वजनिक उपयोगाच्या सेवेतल्या वीस ते चाळीस वयाच्या व्यक्तीवर, नियमांच्या अधीन राहून, गरज पडल्यास प्रादेशिक सेनेत सेवा करण्याचं दायित्व ते टाकतं. या सगळ्या विषयात सक्तीच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. रेल्वे आणि तेल यांच्या विभागीय प्रादेशिक तुकड्या आहेत. युद्धात गाड्या आणि इंधन थांबू नये हा त्यांचा हेतू. पण मुंबईच्या रेल्वे कामगाराला त्यांची आठवण आहे ती दुसऱ्याच कारणाने. ८ मे १९७४ला देशभर रेल्वे संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगारांचा हा संप होता, त्याचं नेतृत्व मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेलं होतं, आणि शहरात वीज, वाहतूक, टॅक्सी या धंद्यांतली माणसंही पाठिंब्याला उतरली. गाड्या चालवण्यासाठी तेव्हा रेल्वेची प्रादेशिक सेना कामावर बोलावण्यात आली. कालपर्यंत एकाच शेडमध्ये डबा खाणाऱ्यांपैकी एक संपावर आणि दुसरा गणवेशात. गणवेशातल्याला नकार देण्याची सोय नव्हती, कारण तो आता लष्करी कायद्याखाली होता. राष्ट्रीय गरज कोणती आणि सरकारची अडचण कोणती, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपच्या आसपास वाढलेल्या घरांना प्रादेशिक सेनेचं नाव निघालं की अस्वस्थ व्हायला होतं, ते पाकिस्तानमुळे नव्हे.

त्याच कायद्यात कामगाराच्या बाजूची तरतूदही आहे. सेवेसाठी गेलेल्याला परत कामावर घेणं मालकावर बंधनकारक आहे आणि त्याचे भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क शाबूत राहतात. खासगी कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्या आजच्या तरुणाला हे कोणी सांगत नाही, आणि कंत्राटच तीन महिन्यांचं असेल तर ‘परत घेणं’ म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न उरतो.

अलीकडच्या वर्षांत भीतीला नवी खाद्यं मिळाली. २०१८मध्ये संसदेच्या एका समितीने राजपत्रित सरकारी नोकरी हवी असणाऱ्यांना पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी असं सुचवलं. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये खळबळ झाली, शिफारस मात्र शिफारसच राहिली. १४ जून २०२२ला चार वर्षांची भरती जाहीर झाली, ज्यात एक चतुर्थांशच पुढे कायम होणार, तेव्हा तरुणांचा राग अगदी उलट दिशेचा होता: आम्हाला एवढ्या लवकर का काढता? त्याच वर्षी सप्टेंबरात रशियाने तीन लाख राखीव माणसांना बोलावलं, आणि घरातून उचलल्या जाणाऱ्या पुरुषांची दृश्यं आपल्याही मोबाइलवर आली. ऑक्टोबर २०२३मध्ये इस्रायलने राखीव फौज बोलावली, तेव्हा ठाण्याच्या आणि अलिबागच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांत फोन खणखणले. तिकडे गेलेल्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या पोरांना रिझर्व्हचं बोलावणं नवीन नाही, पण इकडे बसलेल्या मावशीला ते दर वेळी नवीनच असतं. परदेशातली ही दृश्यं आणि आपल्याकडची अर्धवट वाचलेली अधिसूचना मे २०२५मध्ये एकत्र आली.

१० मेला शस्त्रसंधी झाली आणि मेसेज थांबले. अधिसूचनेची मुदत मात्र ९ फेब्रुवारी २०२८पर्यंत आहे. ६-अ कलम कायद्यात तसंच आहे, आणि त्याखाली कोणाकोणाला, कोणत्या क्रमाने बोलावता येतं, हे मुंबईतल्या बहुतेक रेल्वे कर्मचाऱ्यांना नोकरीला लागताना कोणी समजावून सांगितलेलं नसतं.