मल्याळम चित्रपटातील घर

केरळच्या नायर समाजात मातृवंशीय एकत्र कुटुंबाला आणि त्याच्या वाड्याला तरवाड म्हणतात. वंश आणि मालमत्ता आईकडून चाले, कारभार मात्र थोरल्या मामाच्या हाती असे. वाटण्या झाल्या, १९७० पासून कूळ-जमिनीचे कायदे कडकपणे लागू झाले आणि १९७६ मध्ये एकत्र कुटुंबपद्धती कायद्यानेच संपली. या पडझडीची सर्वांत निर्दय नोंद इतिहासग्रंथांपेक्षा चित्रपटांत सापडते.

पुण्याच्या चित्रपटसंस्थेत शिकलेल्या अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिपत्तायम’ (१९८१), म्हणजे उंदराचा सापळा, हे या नोंदीचे शिखर. त्यातील उन्नी हा तरवाडाचा उरलेला मालक. अंगणात शिरलेली गाय हाकलायलाही तो बहिणीला, राजम्माला, हाक मारतो. थोरली बहीण हिस्सा मागते, धाकटी घर सोडून जाते आणि राजम्मा राबून खचते. घरात उंदीर सापडला की धाकटी सापळा नेऊन तळ्यात बुडवते. अडूर उन्नीवर आरोप करत नाहीत. त्याला हलता येत नाही, एवढेच दाखवत राहतात. बारा वर्षांनी आलेल्या ‘देवासुरम’ने मात्र वाड्याच्या मग्रूर वारसालाच नायक केले आणि तो तुफान चालला. हाही केरळच्याच मनाचा पुरावा आहे.

दरम्यान आखाती देशांतून आलेल्या पैशांवर नवी घरे उभी राहिली. ‘पत्तेमारी’ने (२०१५) ती बांधण्यासाठी परदेशात आयुष्य काढणारा माणूस दाखवला.

जियो बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये (२०२१) कॅमेरा ओट्यापाशीच थांबतो. सासऱ्यांना भात चुलीवरचा आणि चटणी पाट्यावरची हवी. मोरीचा गळका पाइप दुरुस्त करायला नवऱ्याला सवड नाही. भाषण नाही, फक्त तेच काम पुन्हा पुन्हा. शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला हे झोंबले, कारण ही घरे अशिक्षितांची नव्हती.

तरीही या पडद्यावर दीर्घकाळ ‘मल्याळी घर’ म्हणजे सवर्णांचेच घर राहिले. पहिल्या मल्याळम मूकपटात, ‘विगतकुमारन’मध्ये, दलित अभिनेत्री पी. के. रोझी हिने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले. तिचे घर जाळल्याचे सांगितले जाते. तिला केरळ सोडावे लागले. राजीव रवी यांच्या ‘कम्मट्टिपाडम’मध्ये (२०१६) कोची शहर वाढताना जमिनीवरून हुसकलेली दलित वस्ती कथेच्या मध्यभागी आली. त्यातील गंगा या तरुणाच्या भूमिकेसाठी विनायकन यांना राज्य शासनाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.