सैन्याला पुरवलेल्या शिध्याचे पैसे कसे मिळत : अमेरिकेतील 1792 ते 1798 ची हिशेबपद्धती

अमेरिकेच्या खजिना खात्याची स्थापना 2 सप्टेंबर 1789 च्या कायद्याने झाली. पुढे 8 मे 1792 च्या कायद्याने सैन्यासाठीची खरेदी आणि कंत्राटे याच खात्याच्या देखरेखीखाली आली आणि युद्ध खात्यात स्वतंत्र हिशेबनीस नेमण्यात आला. जुलै 1798 मध्ये कंत्राटांचे काम युद्ध खात्याकडे गेले; त्याआधीच्या सहा वर्षांतील पद्धतीची ही माहिती आहे.

सर्वप्रथम हिशेब कोठे दाखल करायचा हे पाहावे लागे. सैनिकांचा पगार, अधिकाऱ्यांचा निर्वाहभत्ता, भरतीचा खर्च आणि किरकोळ खर्च यांचे हिशेब युद्ध खात्याच्या हिशेबनिसाकडे जात. 1795 पर्यंत हे पद जोसेफ हॉवेल यांच्याकडे आणि त्यानंतर विल्यम सिमन्स यांच्याकडे होते. त्यांनी मिटवलेले हिशेबही खजिन्याच्या फेरतपासणीतून सुटत नसत. कंत्राटी पुरवठ्याचा हिशेब मात्र खजिन्यातील ऑडिटरपुढे, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, येई. ज्याने सरकारी रक्कम आगाऊ उचलली असेल, त्याच्या नावे ती येणे म्हणून मांडलेली असे आणि खर्चाचा पुरावा मंजूर होईपर्यंत ती तशीच राही; त्यामुळे हिशेब देण्याची गरज पैसे मागणाऱ्याइतकीच पैसे घेतलेल्यालाही होती.

कागदपत्रांमध्ये कंत्राटाची प्रत, तुकडीचे मागणीपत्रक, माल मिळाल्याची पावती आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला वाटपाचा गोषवारा हे मुख्य होते. आकडे कसे पडताळले जात, हे एका काल्पनिक तुकडीवरून पाहू. 30 एप्रिल 1790 च्या कायद्यानुसार रोजच्या एका शिध्यात 1 पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस, 1 पौंड पाव किंवा पीठ आणि अर्धा गिल (सुमारे 60 मिलिलिटर) मद्य असे, तर दर 100 शिध्यांमागे 1 क्वार्ट (सुमारे एक लिटरचे माप) मीठ, 2 क्वार्ट व्हिनेगर, 2 पौंड साबण आणि 1 पौंड मेणबत्त्या मिळत. म्हणजे 60 जणांच्या तुकडीला 30 दिवसांत 1,800 शिधे आणि त्यासोबत 18 क्वार्ट मीठ, 36 पौंड साबण व 18 पौंड मेणबत्त्या लागणार. गोषवाऱ्यात 20 पौंड मेणबत्त्या लिहिलेल्या असतील, तर वरच्या 2 पौंडांचा आधार मागितला जाणे स्वाभाविक होते. ही काटेकोर मोजणी मला कौतुकास्पद वाटते, कारण 4 नोव्हेंबर 1791 रोजी मूळ अमेरिकी जमातींकडून झालेल्या जनरल सेंट क्लेअर यांच्या सैन्याच्या पराभवाची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने कंत्राटदार आणि क्वार्टरमास्टर (सैन्याची सामग्री व वाहतूक पाहणारा अधिकारी) या दोन्ही विभागांच्या गैरव्यवस्थेवर बोट ठेवले होते, आणि त्या गैरव्यवस्थेची झळ रानात लढणाऱ्या शिपायांना बसली होती.

ऑडिटर हिशेब तपासून शिल्लक प्रमाणित करी आणि व्हाउचरांसह (खर्चाच्या पुराव्याच्या कागदांसह) सर्व कागद कंट्रोलरकडे, म्हणजे ऑडिटरच्या वरच्या हिशेब अधिकाऱ्याकडे, पाठवी. ऑडिटरचा निर्णय मान्य नसल्यास 6 महिन्यांच्या आत कंट्रोलरकडे अपील करता येई. अंतिम झालेला हिशेब व्हाउचरांसह रजिस्टर या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरी जमा होई. त्यानंतर खजिना खात्याचा प्रमुख असलेल्या सेक्रेटरीच्या सहीने वॉरंट निघे. हा शब्द आपल्याकडे अटकेशी जोडला गेला आहे, पण येथे त्याचा अर्थ पैसे देण्याचा लेखी हुकूम असा आहे. त्यावर कंट्रोलरची प्रतिस्वाक्षरी आणि रजिस्टरची नोंद झाल्यावरच खजिनदार रक्कम देई.

4 मार्च 1789 पूर्वीच्या सेवेचे वा पुरवठ्याचे दावे 1 मे 1794 च्या आत खजिन्यात सादर करणे आवश्यक होते. काही अपवाद सोडता त्यानंतर ते कायमचे बाद होत.

सरकारी पैसा हाती असलेल्याने हिशेब पुरा केला नाही, तर 3 मार्च 1797 च्या कायद्याने त्याच्यावर दावा लावता येई, थकबाकीवर 6 टक्के व्याज लागे आणि खजिन्याच्या वह्यांचा प्रमाणित उतारा न्यायालयात पुरावा म्हणून चाले. एखादा खर्च आपल्या बाजूने धरावा अशी मागणी त्याला तेथे करायची असल्यास, तो खर्च आधी हिशेब तपासनिसांपुढे मांडला होता आणि त्यांनी नाकारला होता, हे त्याला सहसा दाखवावे लागे.