उन्हाळी भाजीपाल्यासाठी छोटा ट्रॅक्टर : रान तयार करण्यापासून आंतरमशागतीपर्यंत

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक : 15 ते 20 एचपीचा मिनी ट्रॅक्टर, पाच फणी कल्टिव्हेटर आणि तीन फुटी रोटाव्हेटर)

संक्रांत ते होळी या दीड-दोन महिन्यांत उन्हाळी भाजीची लागवड उरकते. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले ही सगळी उबेची पिके आहेत. माती 20 अंशांच्या खाली असली की भेंडीचे बी जमिनीतच कुजते. म्हणून थंडी असेल तिथे जानेवारीत रान तयार करा आणि बी शिवरात्रीच्या आसपास टाका. विदर्भ-मराठवाड्यात मार्चच्या मध्यापलीकडे थांबू नका. उशिरा लावलेल्या पिकाची फुले चाळिशीच्या उन्हात गळतात.

आधी ट्रॅक्टर मोजा, मग ओळी आखा

बहुतेक जण ओळी आधी आखतात आणि पीक वीतभर झाल्यावर ट्रॅक्टर आत जात नाही म्हणून फोन करतात. मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी टेपने मोजा. छोट्या ट्रॅक्टरची ती साधारण तीन ते सव्वातीन फूट भरते. त्यात दोन्ही बाजूंना निदान 9-10 इंच सोडले की पाच फूट होतात. काकडी, दोडका, कारले आणि तारेवर चढवलेला टोमॅटो यांना पाच फुटी ओळ चालते, म्हणून या पिकांत ट्रॅक्टर खुशाल फिरवा.

भेंडीचे गणित वेगळे. उन्हाळ्यात ती 30 × 15 सेंमीवर लावतात. ट्रॅक्टरसाठी जोडओळ (जवळजवळ दोन ओळी) करून मध्ये चार फूट सोडले तर झाडे निम्म्याहून कमी बसतात. मजुरी वाचवण्यापायी एवढा माल सोडणे परवडत नाही. भेंडी, गवार, पालेभाज्या यांच्यासाठी ट्रॅक्टर पेरणीपर्यंतच वापरा, पुढे हातकोळपे घ्या.

दहा गुंठ्यांचे रान 66 × 165 फूट असेल तर ओळी लांबीच्या दिशेने काढा. दोन्ही टोकांना वळायला दहा-दहा फूट सोडा. प्रत्येकी 145 फुटांचे, पाच फुटी तेरा पट्टे निघतात. एका पट्ट्यात दीड फुटावर काकडीची साधारण 95 ठिकाणे येतात, तर तीन फुटावर दोडक्याची 48. एका ठिकाणी दोन बिया टाका. वळायची जागा सोडताना जीव खालीवर होतो हे खरे, पण ती न सोडल्यास शेवटची चार-पाच झाडे दर खेपेला चाकाखाली जातात.

वाफसा

निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. ओलवणी (मशागतीआधीचे पाणी) दिल्यावर हलकी जमीन दोन-तीन दिवसांत वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलीवर, येते. भारी काळी जमीन पाच-सहा दिवस घेते, ढगाळ असेल तर त्याहून जास्त. दिवस मोजत बसू नका, माती पाहा. वरची नाही, चार इंच खालची मूठभर घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर ट्रॅक्टर घाला. चपटा होऊन पडला तर थांबा. गोळा बांधलाच जात नसेल तर हलके पाणी पुन्हा द्या.

ओल्या काळ्या मातीत रोटर (रोटाव्हेटर) घातला की वर भुसभुशीत दिसते आणि खाली, पात्यांची टोके फिरतात तिथे, माती लिंपल्यासारखी होते. आठवड्याने तो थर विटेसारखा वाळतो. मुळे तिथून आडवी वळतात, दुपारी वेली माना टाकतात आणि घरची माणसे पाणी वाढवत राहतात. कोकणात भातानंतरच्या रानात चिखलणीमुळे असा थर आधीच असतो. तिथे आधी फण चालवा.

मशागतीचा क्रम

वाफशावर पाच फणी पाच-सहा इंच खोल घाला, दुसरी पाळी आडवी. ढेकळे चार-पाच दिवस उन्हात तापू द्या. मग कुजलेले शेणखत गुंठ्याला 200 ते 250 किलो पसरा. कच्चे शेणखत नको, त्यातून हुमणी आणि तण दोन्ही येतात. पुन्हा ओल पाहा, आणि त्यानंतर रोटर. एकदाच.

हे ‘एकदाच’ पुन्हा सांगावे लागते, कारण दुसऱ्या पाळीला रान गालिच्यासारखे दिसते आणि मोह होतो. माती पिठासारखी झाली की पहिल्या पाण्याने वर पापुद्रा धरतो आणि भेंडीचा कोंब खालीच वळतो. हरभऱ्याएवढ्या ते बोराएवढ्या ढेकळांचे रान पेरणीला उत्तम. रोटर चार-पाच इंच खोल, ट्रॅक्टर ताशी दोन-अडीच किलोमीटर, पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर. माती जाड राहत असेल तर गिअर खाली घ्या, पीटीओचा वेग वाढवू नका. दहा गुंठ्यांना वळणे धरून पाऊण तास लागतो.

रानात हराळी किंवा लव्हाळा असेल तर रोटर अजिबात नको. हराळीच्या काशीचे (जमिनीखालच्या खोडांचे) शंभर तुकडे होतात आणि तुकड्या-तुकड्याला कोंब फुटतो. तिथे फण घाला, काशी वर ओढा, वेचून बांधाबाहेर वाळवा. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला दुसरा उपाय नाही.

भेंडीला गुंठ्याला पेरताना युरिया 1.1 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 3.1 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 0.8 किलो. महिन्याने पुन्हा तेवढाच युरिया. माती परीक्षण केले असेल तर त्यातला आकडा धरा. बी गुंठ्याला साधारण 100 ते 150 ग्रॅम.

मल्चिंग कागद (माती झाकायचा प्लास्टिकचा कागद) घालणार असाल तर गादीवाफे पाच फुटांवर, माथा अडीच फूट, उंची आठ-नऊ इंच. कागदाच्या कडा दोन्ही बाजूंनी मातीत दाबा, चंदेरी बाजू वर. ठिबकची नळी आधी पसरून, पाणी सोडून प्रत्येक छिद्र तपासा. कागद अंथरल्यावर आत ट्रॅक्टर जाणार नाही, हे धरूनच ठरवा.

आंतरमशागत

लागवडीनंतर 18-20 दिवसांनी पहिली पाळी, तण दोन पानांवर असतानाच. मधले दोन-तीन फणच लावा, बाहेरचे काढून ठेवा. खोली दोन इंच; त्याखाली काकडीची मुळे तुटतात. दर खेपेला चाके त्याच चाकोरीतून न्या. वेल जमिनीवर पसरू लागली की ट्रॅक्टर बंद.

यंत्र कुठे अडते

ट्रॅक्टरचे तोंड उचलत असेल तर पुढे वजने लावा, रोटर जास्त खोल गेला आहे का तेही पाहा. वळताना रोटर उचलण्याआधी पीटीओ बंद करा. पीटीओला रोटरशी जोडणारा शाफ्ट फार वाकड्या कोनात फिरला की आधी खडखडतो, मग त्याचा क्रॉस (सांध्यातला जोड) तुटतो. शाफ्टचा आतला नळा निदान एक तृतीयांश आत राहिला पाहिजे. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणारा बोल्ट) तुटला तर त्याच मापाचा आणि त्याच ताकदीचा बसवा. बाजारातला कडक बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

नव्या पात्यांचे नटबोल्ट पहिल्या दोन तासांनी पुन्हा आवळा. शाफ्टला दर आठ तासांनी ग्रीस. उन्हाळ्यात रेडिएटरची जाळी धुळीने आणि पाचोळ्याने भरते, ती रोज संध्याकाळी झटका. इंजिन तापल्याच्या बऱ्याच तक्रारी तेवढ्याने मिटतात. काळा धूर दिसला तर आधी एअर फिल्टर उघडा.

पात्यात अडकलेला पालापाचोळा किंवा ठिबकची नळी काढताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात. साडीचा पदर, गमछा, सैल धोतर फिरत्या शाफ्टजवळ नको. गार्ड तुटला असेल तर तो बसेपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवा. रोटर फिरत असताना रिव्हर्स घेऊ नका, आणि मडगार्डवर पोरांना बसवू नका.